न पिणाऱ्याचं यकृत

बाजारातल्या दुकानदारांनी त्याचं नाव काटेकोर ठेवलं होतं. त्यात कौतुक किती आणि शिवी किती, हे ज्याच्या त्याच्या वजनकाट्यावर अवलंबून होतं. तो वजनमापांचा सरकारी निरीक्षक होता. शिक्का मारलेल्या वजनांची पेटी घेऊन तो दुकानात शिरला, की दुकानदार आधी खुर्ची पुढे करत, मग काहीतरी थंड, आणि अगदीच नाइलाज झाला तर खरा काटा. काटेकोर खुर्चीत बसत नसे, थंड घेत नसे. उभ्या उभ्या वजनं मांडायचा आणि काटा जरा जरी कलला तरी दुकानदाराकडे असं बघायचा, की त्या माणसाला लहानपणीच्या चोऱ्या आठवाव्यात.

संध्याकाळी हाच माणूस व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष असे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मंडळाची खोली होती. तिथे गोलात मांडलेल्या खुर्च्या, एक फळा आणि प्लास्टिकची दोन यकृतं होती. एक गुलाबी आणि गुळगुळीत, दुसरं तपकिरी आणि गाठीगाठींचं. भाषणाच्या शेवटी काटेकोर तपकिरी यकृत उंच धरायचा.

"माणूस खोटं बोलतो, यकृत बोलत नाही," तो म्हणायचा. "'मी घेत नाही' हे पिणाऱ्याचं पहिलं वाक्य असतं. तुम्ही ते ऐकू नका. यकृत बघा."

टाळ्या पडायच्या. लोकांना हे वाक्य इतकं आवडायचं, की गावभर ते त्याच्या नावावर खपत होतं.

या अध्यक्षाला एक दुखणं होतं आणि ते त्याच्या बायकोखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. जेवण झालं की पोटाच्या वरच्या भागात कुणीतरी पाना लावून पिळावं तसं दुखायचं आणि ती कळ थेट पाठीत जायची. मग तो गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं: स्वादुपिंडाचा जुना दाह. कारण सापडलं नव्हतं. काहींचं सापडतच नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण घरी येऊन काटेकोरने पुस्तकात बघितलं, तर कारणांच्या यादीत पहिलं नाव दारूचं. पुस्तक तिथेच मिटलं. व्यसनमुक्ती मंडळाच्या अध्यक्षाला असला आजार शोभला नसता. त्या दिवसापासून तो सगळ्यांना ॲसिडिटी सांगू लागला. जेवताना घ्यायच्या कॅप्सूलही तो हात धुवायच्या निमित्ताने उठून घ्यायचा.

एका सकाळी तो खिडकीपाशी बसून सरकारी मीटरपट्टीने पाठ खाजवत होता. आठवडाभर अंगाला नुसती खाज सुटली होती. बायको चहा ठेवायला आली आणि कप हातातच ठेवून थांबली.

"अहो, जरा इकडे बघा. नाही, उजेडात."

"काय झालं?"

"तुमचे डोळे पिवळे दिसताहेत."

"झोप झाली नसेल."

"झोप झाली नाही तर लाल होतात," बायको म्हणाली. "उठा, कपडे बदला."

इस्पितळात यकृताचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता आणि स्वादुपिंडाचा तळमजल्यावर. शरीरात हे दोघं खेटून राहतात, पण इस्पितळात त्यांच्यामध्ये दोन जिने, दोन रांगा आणि वर्षानुवर्षांचा अबोला होता. डोळे पिवळे म्हणजे यकृत, असं खालच्या खिडकीवर ठरलं आणि नवरा-बायकोची रवानगी वर झाली.

यकृताच्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या आणि घाईत होत्या. रक्त तपासून झालं, पोटावर थंडगार जेल लावून यंत्र फिरवून झालं.

"यकृतावर चरबी आहे," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आणि ते टणकही व्हायला लागलंय. किती घेता?"

"काय किती?"

"दारू, काका. रोज किती?"

"मी घेत नाही," काटेकोर म्हणाला, आणि वाक्य तोंडातून निघताच आपल्यालाच कुणीतरी चपराक मारल्यासारखं त्याला झालं.

डॉक्टरीणबाई मंद हसल्या. "सगळे असंच म्हणतात."

बायकोला राहवलं नाही. "अहो, त्यांना स्वादुपिंडाचं सांगा ना. डॉक्टर, यांना बरीच वर्षं स्वादुपिंडाचा त्रास आहे."

"स्वादुपिंडसुद्धा?" बाईंच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. शब्दकोड्यातला अडलेला शब्द सुटावा तसं. "मग तर प्रश्नच मिटला. दोन्ही एकाच बाटलीतून येतं."

"पण मी खरंच..."

"हे बघा, इथून बाहेर पडणारी पित्ताची नळी फुगलेली दिसतेय. ते खालचे डॉक्टर बघतील, तो माझा विभाग नाही. ते परिषदेला गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील. तोवर एक थेंबही घ्यायचा नाही. कळलं?"

आयुष्यात एकही थेंब न घेतलेल्या माणसाने मान डोलावली. आणखी काय करणार?

दार उघडून बाहेर आले, तर समोरच्या बाकावर मंडळाचे उपाध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेला, गुळगुळीत दाढी केलेला, हळू बोलणारा हा माणूस कुणा आजारी नातलगाला बघायला आला होता. त्याने काटेकोरचे डोळे बघितले. मग दारावरची 'यकृतविकार' ही पाटी बघितली. मग पुन्हा डोळे बघितले.

"काळजी घ्या, साहेब," तो म्हणाला, आणि नातलगाला न भेटताच निघून गेला.

दोन दिवसांत मंडळाच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली. काटेकोर अध्यक्षाच्या खुर्चीकडे वळला, तर तिच्यावर उपाध्यक्षाने आपली छत्री ठेवली होती.

"प्रश्न व्यक्तीचा नाही," उपाध्यक्ष म्हणाला. "प्रश्न मंडळाच्या प्रतिमेचा आहे."

"मला स्वादुपिंडाचा जुना आजार आहे," काटेकोर म्हणाला. "त्याच्यामुळे यकृतावर परिणाम झाला असणार."

"पण तुम्ही तर सगळ्यांना ॲसिडिटी सांगत होतात."

"ते... ते लपवलं होतं."

"लपवलं होतं," उपाध्यक्षाने शब्द हळूच टेबलावर ठेवला, आणि सगळे त्याच्याकडे बघू लागले. "का बरं?"

काटेकोरने खुर्चीवरच्या छत्रीकडे बघितलं. लपवण्याचं कारण खरं होतं, पण मोठ्याने सांगितलं असतं तर ते गुन्ह्याच्या कबुलीसारखं ऐकू आलं असतं.

मंडळाने उदार मनाने निर्णय घेतला. अध्यक्षांना काढायचं नाही, त्यांना बरं करायचं. दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांचा गट बसायचा. तिथे त्यांनी यावं, समोरच्या खुर्चीत नव्हे, गोलातल्या खुर्चीत.

ही बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे काटेकोरचा मेहुणा, गाद्यांचं दुकान चालवायचा आणि दुकान बंद झालं की न चुकता दोन पेले घ्यायचा. काटेकोरच्या भाषणांचा निम्मा मसाला त्याच्याकडूनच आलेला. त्याच महिन्यात विम्यासाठी मेहुण्याची तपासणी झाली होती आणि त्याचं यकृत मंडळाच्या गुलाबी नमुन्यासारखं निघालं होतं. तो हसत हसत आत आला, दार लावून घेतलं आणि कोटाच्या खिशातून एक चपटी बाटली काढली.

"भाऊजी, आता माझ्यापासून काय लपवायचं?"

"ठेव ती आत."

"इतकी वर्षं तुम्ही मला उपदेश केलात, मला वाटायचं तुम्ही दगड आहात. आज कळलं, माणूस आहात." त्याचे डोळे खरोखरच भरून आले. "फक्त स्वस्तातली घेऊ नका हो. यकृत त्यानेच जातं. माझ्याकडे बघा."

"मी घेत नाही!"

"बरोबर," मेहुणा समजूतदारपणे म्हणाला. "ताईला हेच सांगायचं."

काटेकोरने त्याला हाकलून दिलं. पण खरा घाव पुढेच होता. दुसऱ्या दिवशी तो कामावरून लवकर परतला, कारण खाजेने उभं राहवत नव्हतं. बायको न्हाणीघरात स्टुलावर चढली होती. फ्लशच्या टाकीचं झाकण बाजूला होतं आणि तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. खाली त्याची खोकल्याच्या औषधाची बाटली झाकण काढून ठेवलेली, शेजारी त्याचे पावसाळी बूट उलटे करून ठेवलेले.

त्याला बघून तिने हात बाहेर काढला. टाकीतून पाणी ठिबकत होतं.

"गळत होती," बायको म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसला. त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं धाडस तिला झालं नाही.

गुरुवारी तो गटात गेला. रागाने गेला, पण गेला. मंडळाचा निर्णय मोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गोलात बसलेल्यांनी त्याला ज्या आपुलकीने जागा दिली, तशी त्याला अध्यक्षाच्या खुर्चीत कधी मिळाली नव्हती. शेजारी एक आडदांड ट्रकवाला होता. दारू सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गुरुवार सुटला नव्हता. त्याने काटेकोरचा हात दोन्ही हातांत धरला.

"आलात, साहेब. आम्हाला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"एवढ्या तळमळीने कोरडा माणूस बोलत नाही."

गटाचा नियम होता, आणि तो काटेकोरनेच घातला होता: प्रत्येकाने आपला धंदा सांगायचा आणि मग आपलं व्यसन. त्याची पाळी आली.

"मी निरीक्षक," तो म्हणाला, "आणि मला स्वादुपिंडाचा आजार आहे."

कुणी हसलं नाही. ट्रकवाल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं, साहेब. मी आलो तेव्हा मला झोपेचा त्रास आहे म्हणायचो. सावकाश घ्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात तळमजल्यावरचे डॉक्टर परतले. पांढऱ्या भुवयांचा शांत म्हातारा. तपासणीच्या पलंगावर अंथरलेल्या कागदावर पेनाने चित्रं काढून बोलायची त्याला सवय होती. त्याने दुसऱ्या मजल्यावरून आलेली छायाचित्रं बघितली, काटेकोरला आणखी एका यंत्रातून जाऊन यायला लावलं आणि मग कागदावर एक लांबुळकं पान काढलं.

"हे स्वादुपिंड. हे त्याचं डोकं. आणि यकृताचं पित्त आतड्यात नेणारी नळी ही अशी, या डोक्यातून जाते. तुमचं स्वादुपिंड सुजून सुजून आत निबर झालंय. त्याने नळीचा गळा आवळलाय."

"मग?"

"पित्त पुढे जाऊ शकत नाही, मागे तुंबतं. म्हणून डोळे पिवळे, म्हणून खाज. आणि ते असंच फार दिवस तुंबून राहिलं की यकृतही टणक होऊ लागतं."

"आणि चरबी?" बायकोने विचारलं.

"हे पोटात दुखेल म्हणून जेवत नाहीत. जेवलेलं नीट पचत नाही, कारण पचवणारे रस कमी पडतात. रक्तात साखर वाढलीय. अशा माणसाच्या यकृतावरही चरबी चढते. वाळलेल्या माणसावर दिसणार नाही असं आपल्याला वाटतं, पण चढते."

काटेकोर ताठ बसला. "म्हणजे हे दारूने झालेलं नाही."

"दारूनेही होतं. पुष्कळांचं होतं. तुमचं नळीमुळे झालंय."

"हे मला लिहून द्या."

"नळीबद्दल देतो," डॉक्टर म्हणाले. "चारित्र्याबद्दल मी काही लिहीत नाही."

त्यांनी तोंडातून दुर्बीण घालून नळीच्या अरुंद जागी एक बारीक स्टेंट बसवला, म्हणजे नळीतच आणखी एक नळी. तात्पुरता उपाय होता, पुढे शस्त्रक्रिया करून पित्ताला दुसरी वाट काढून द्यावी लागणार होती. पण खाज थांबली. डोळे हळूहळू पांढरे झाले.

इस्पितळातून नवरा-बायको बसने परतत होते.

"मी टाकीत हात घातला तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत," ती म्हणाली.

"काय बोलणार? मी घेत नाही म्हटलं असतं, तर तुलाही माझं भाषण आठवलं असतं."

"ते पाठच आहे मला," ती म्हणाली आणि रडायला लागली. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं. काटेकोरने बायकोच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. एवढंच त्याला सुचलं.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात उपाध्यक्ष फळं घेऊन घरी आला. त्याचा सूर पार बदललेला होता.

"साहेब, वार्षिक मेळावा आहे. तुम्हीच बोलायचं."

"मी? आणि प्रतिमा?"

"तेच तर. खरं सांगू? न पिणाऱ्याला ऐकायला हल्ली कुणी येत नाही. गेल्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पण पडलेला माणूस उठून उभा राहिला, की लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. तुमच्याबद्दल कळल्यापासून लोक विचारायला लागलेत. सभागृह लहान पडेल."

"पण मी पडलोच नाही."

"तेवढं जरा बघा," उपाध्यक्ष हळूच म्हणाला. "फार नको. एखाद-दोन वर्षं. एकटेपणा, कामाचा ताण... अध्यक्षपदही मग तुमच्याकडेच राहील."

डॉक्टरांचं पत्र समोर टेबलावरच होतं. काटेकोरने ते पुढे सरकवलं. उपाध्यक्षाने वाचलं, घडी घातली आणि परत ठेवलं.

"छान आहे. पण यात रडण्यासारखं काही नाही."

"अहो, मी पाव किलोत चिमूटभर फरक चालू देत नाही, आणि तुम्ही मला न प्यायलेली दारू कबूल करायला सांगता?"

"विचार करा," उपाध्यक्ष म्हणाला, आणि जाताना एक फळ उचलून खात गेला.

काटेकोरने विचार केला, हे मात्र खरं. गोलातल्या त्या टाळ्या त्याला आठवत होत्या. इतक्या वर्षांत त्याला मान मिळाला होता, प्रेम त्याच एका गुरुवारी मिळालं होतं, तेही न केलेल्या पापाबद्दल. दोन-तीन वेळा त्याने आरशासमोर 'पहिला पेला' हे शब्द उच्चारून बघितले. तोंडात बसेनात.

मेळाव्याला सभागृह खरोखरच लहान पडलं. मेहुणा पहिल्या रांगेत, रुमाल तयार ठेवून. काटेकोर उभा राहिला आणि खडू घेऊन फळ्याकडे वळला. डॉक्टरांनी काढलं होतं तसं स्वादुपिंड काढायचा त्याने प्रयत्न केला, त्यातून जाणारी नळी काढली, वर यकृत जोडलं. चित्रकला त्याला कधीच जमली नव्हती. फळ्यावर जे उमटलं, ते लांब मानेची, आडवी पडलेली बाटली दिसत होतं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"ही बाटली नाही," काटेकोर म्हणाला. "ही पित्ताची नळी आहे."

हशा पिकला. मग तो बोलू लागला. दुखणं, ते लपवणं, डोळे, खाज, नळीचा आवळलेला गळा. लोक धीराने ऐकत होते, कारण खरी गोष्ट अजून यायची आहे, अशी त्यांची खात्री होती. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "पण पहिला पेला कधी?"

"कधीच नाही," तो म्हणाला. "मी दारू कधीच प्यायलो नाही. दारूने यकृत जातं, हे मी सांगत आलो, ते खरंच आहे. पण नुसत्या यकृतावरून कोण पितं हे ओळखता येतं, असंही मी सांगत आलो. ते चूक आहे. ते वाक्य मी परत घेतो."

फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकांसारखे लोक एकमेकांकडे बघू लागले. मग खुर्च्या सरकू लागल्या. मेहुण्याने रुमाल खिशात घातला. उपाध्यक्षाने घाईघाईने आभार मानले, त्यात वक्त्याचं नाव राहूनच गेलं.

लोक पांगल्यावर एक बाई फळ्यापाशी आली. हातात पर्स घट्ट धरलेली.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "त्याचे डोळे असेच पिवळे झालेत. तो नाही म्हणतो, पण आम्ही कुणी विश्वास ठेवला नाही. वहिनी माहेरी निघून गेली. त्याला कुणाला दाखवू?"

काटेकोरने तिला तळमजल्यावरच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. पुढे कळलं, की त्या भावाचं दुखणं वेगळंच होतं. त्याच्या नळीत खडा अडकला होता, तो काढला. वहिनी परत आली, पण लगेच नाही.

काटेकोरने अध्यक्षपद सोडलं. उपाध्यक्ष अध्यक्ष झाला. त्याने पुढच्या मेळाव्याला नाटकातला एक नट आणला. नटाने इतकं सुंदर रडून दाखवलं, की बाजारातले दुकानदारही हेलावले. शस्त्रक्रियेनंतर काटेकोरच्या पित्ताला नवी वाट मिळाली. यकृत अगदी पूर्वीसारखं होईल असं वचन कुणी दिलं नाही, पण ते आणखी बिघडायचं थांबलं. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आकडे बघून खूश झाल्या.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "सोडली की सुधारतं."

काटेकोरने तोंड उघडलं, बायकोने त्याच्या पायावर पाय दिला आणि दोघं नमस्कार करून बाहेर पडले. जिन्यात मात्र तिला इतकं हसू आलं, की कठडा धरून उभं राहावं लागलं.

संध्याकाळ आता रिकामी होती. एका गुरुवारी ट्रकवाला दारात येऊन उभा राहिला.

"चला, साहेब."

"मी येऊन काय करू? मी पीत नाही, हे तरी आता तुला पटलंय का?"

"नाही," ट्रकवाला प्रामाणिकपणे म्हणाला. "पण बसायला काय हरकत आहे? चहा बरा असतो."

काटेकोरने चपला घातल्या. गोलात खिडकीजवळची खुर्ची त्याला मिळाली. नवीन आलेला एक तरुण आपल्याला फक्त डोकेदुखी आहे असं सांगत होता, आणि काटेकोर मधे काहीही न बोलता ऐकत राहिला. चहा खरंच बरा होता, पण त्यात साखर फार होती आणि ती त्याला चालत नव्हती, म्हणून ट्रकवाल्याने दोन्ही कप संपवले.